वीज अडते कुठे? जुन्या जेसीबीच्या फॉरवर्ड-रिव्हर्सचा बिघाड

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तालीमचे महत्त्व या विषयावर या व्यासपीठावरून माझ्यापेक्षा अधिकारी माणसे बोलून गेली आहेत. मी गॅरेजवाला माणूस. तेव्हा मी आपल्याशी एका मशीनविषयी बोलणार आहे, आणि तेही त्याच्या एकाच दुखण्याविषयी. हे दुखणे नीट समजावून घेतले तर आपल्या मुलांच्या शिक्षणाविषयी मला जे म्हणावयाचे आहे ते त्यातच येईल.

अंधेरी असो, घाटकोपर, मुलुंड असो की बोरिवली, रस्ता खोदलेला नाही असा एक महिना आपण पाहिलेला नसेल. त्या खड्ड्याच्या काठावर जे पिवळे मशीन उभे असते, पुढे मोठे बकेट आणि मागे खोदणारा हात, त्याचे खरे नाव बॅकहो लोडर. पण कोणत्याही कंपनीचे असले तरी आपण त्याला जेसीबीच म्हणतो. जेसीबी ही जोसेफ सिरिल बॅमफर्ड या माणसाच्या नावाची आद्याक्षरे. इंग्लंडात उटॉक्सिटर नावाच्या लहानशा गावी १९४५ साली एका भाड्याच्या गॅरेजात जुने वेल्डिंग मशीन घेऊन त्याने धंदा सुरू केला, आणि युद्धानंतरच्या भंगारातून पहिली ट्रॉली बनवली. आपल्या देशात १९७९ साली एस्कॉर्ट्स कंपनीबरोबर भागीदारी होऊन हरियाणात बल्लभगडला कारखाना निघाला. पुढे २००३ साली एस्कॉर्ट्स त्यातून बाहेर पडली. ज्याचे नाव मशीनला पडले तो माणूसही एका गॅरेजातूनच निघाला, एवढे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवले तरी पुरे.

आता हे मशीन आपल्या उपनगरात सहसा मरत नाही. पहिला मालक काही वर्षे वापरून विकतो, दुसरा तिसऱ्याला विकतो. आपल्या वस्तीतला जो भाऊ मशीनचा मालक झालेला असतो तो बहुधा असा तिसरा मालक असतो. मशीन जुने, पण कर्ज नवे. मशीन दिवसभर भाड्याने चालले तर हप्ता निघतो, उभे राहिले तर हप्ता तसाच उभा राहतो. आणि काम कसले, तर पावसाळ्याच्या तोंडावर नालेसफाई. साकीनाका-कुर्ल्याकडची मिठी नदी आणि तिला मिळणारे नाले यांतल्या चिखलात मशीन उतरते. वर आपली समुद्राची खारी हवा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा जी मशिने पाण्यात उभी राहिली त्यांच्या वायरिंगची दुखणी पुढे दोन-दोन पावसाळे माझ्यासारख्यांच्या हाताखालून जात होती.

दुखणे असे असते. ऑपरेटर सकाळी मशीन चालू करतो, लिव्हर पुढे करतो, मशीन चालते. दुपारी बारा-एकच्या सुमारास लिव्हर पुढे केला तर इंजिन गुरगुरते पण मशीन जागचे हलत नाही. कधी रिव्हर्स जाते, फॉरवर्ड जात नाही. अर्धा तास उभे केले की पुन्हा चालू. मग फोन येतो : उस्ताद, गिअरबॉक्स गेला!

गिअरबॉक्स गेला की नाही हे ठरवण्याआधी आत काय चालते ते पाहू. या मशीनमध्ये इंजिनाची ताकद आधी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये येते आणि तेथून तेलात भिजलेल्या क्लच प्लेटांच्या दोन जुड्यांकडे. एक जुडी फॉरवर्डची, एक रिव्हर्सची. ज्या जुडीवर तेलाचा दाब पडेल ती घट्ट होते आणि मशीन त्या दिशेने जाते. दाब कोणत्या जुडीकडे सोडायचा हे गिअरबॉक्सवरचे दोन सोलेनॉइड ठरवतात. सोलेनॉइड म्हणजे तारेचे वेटोळे, दहावीच्या पुस्तकात ज्याला नालकुंतल म्हटले आहे तेच. त्यातून धारा गेली की त्याचे चुंबक होते, आतला लोखंडी दांडा ओढला जातो आणि तेलाची वाट उघडते. स्टिअरिंगखालचा तो लिव्हर, ज्याला ऑपरेटर गिअर म्हणतो, तो खरे पाहता विजेचे एक बटण आहे. पुढे केला की एका वेटोळ्याला वीज, मागे केला की दुसऱ्याला, मध्ये ठेवला की दोन्ही बंद. पहिला, दुसरा, तिसरा असे वेग बदलण्याचा दांडा वेगळा असतो, आणि त्याच्या मुठीवरचे बटण दाबले की तेवढ्यापुरती सोलेनॉइडची वीज तुटते, म्हणजे दाते न खरडता वेग बदलता येतो. मॉडेलप्रमाणे तपशील बदलतो, तत्त्व हेच.

बॅटरीपासून सोलेनॉइडपर्यंत वीज येते ती फ्यूज, रिले, हँडब्रेकचा स्विच, ते मुठीवरचे बटण, लिव्हर आणि मधले तीन-चार कपलर ओलांडून. तेथून गिअरबॉक्सची बॉडी, अर्थची पट्टी आणि पुन्हा बॅटरी. एवढ्या ठिकाणी ती अडू शकते. गिअरबॉक्स उघडणे म्हणजे मालकाचे कित्येक दिवसांचे भाडे बुडणे आणि वर मोठा खर्च. कपलरातली एक पिन बदलणे म्हणजे चहा थंड होण्याआधीचे काम. दोन्ही बिघाडांत बाहेरून दिसणारे लक्षण एकच : मशीन हलत नाही.

म्हणून पहिला प्रश्न हाताने सोडवायचा नसून डोक्याने सोडवायचा असतो. दोन्ही दिशा एकदम गेल्या आहेत की एकच? दोन्ही गेल्या असतील तर दोघांना सामाईक असेल तेच बिघडले असणार. म्हणजे फ्यूज, रिले, अर्थ, हँडब्रेकचा स्विच, किंवा तेल कमी, पंप कमजोर. फक्त फॉरवर्ड गेले असेल तर फ्यूजकडे बघायचेच कशाला? फॉरवर्डचे वेटोळे, त्याची वायर, लिव्हरमधला त्याचा संपर्क किंवा त्याच्या प्लेटा, एवढेच उरते. पाना हातात घेण्याआधी अर्धे मशीन निर्दोष सुटले. तरीसुद्धा मी चांगल्या चांगल्या मिस्त्रींना एकच दिशा गेलेली असताना मुख्य फ्यूज बदलताना पाहिले आहे.

आता येतो तो सापळा, ज्यासाठी मी हे सगळे सांगत आहे. मिस्त्री सोलेनॉइडचा कपलर काढतो, मोकळ्या वायरीला मीटर लावतो, मीटर बारा व्होल्ट दाखवतो. तो म्हणतो, वीज तर येते आहे, म्हणजे सोलेनॉइडच खराब. नवा आणतो, लावतो. नवा कपलर बसवताना पिना जरा घासल्या जातात, म्हणून मशीन दोन दिवस चालते. तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद. मग दुसरा सोलेनॉइड. मग लिव्हर. मग, गिअरबॉक्स खोलावा लागेल.

नववीच्या विद्यार्थ्यांनो, तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘धाराविद्युत’ नावाचा पाठ आहे. त्यातला ओहमचा नियम आठवा आणि माझ्याबरोबर हिशेब करा. समजा वेटोळ्याचा रोध ८ ओहम आहे आणि बॅटरी १२ व्होल्टची. धारा १२ भागिले ८, म्हणजे दीड अँपिअर. आता नाल्याच्या पाण्याने कपलरातल्या पिनेवर हिरवा थर चढला आणि तेथे ४ ओहम रोध तयार झाला. दोन्ही एकसर जोडणीत आहेत, म्हणून रोधांची बेरीज १२, आणि धारा एक अँपिअर. बाराांपैकी चार व्होल्ट त्या पिनेवरच खर्च झाले, वेटोळ्याला मिळाले आठ. सकाळी थंडपणी तेवढ्यावर दांडा कसाबसा ओढला जातो. दुपारी गिअरबॉक्सचे तेल तापते. तांबे तापले की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. ३० अंशांवर ८ ओहम असलेले वेटोळे ९० अंशांवर जवळजवळ ९.८ ओहमचे होते. पिनेचे ४ धरून झाले १३.८. धारा उतरली ०.८७ अँपिअरवर. चुंबकाची ओढ ढोबळमानाने धारेच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणजे मूळच्या ओढीचा जेमतेम तिसरा हिस्सा राहिला. दांडा हलत नाही. पिन स्वच्छ असती तर तापलेल्या वेटोळ्यातूनही १.२ अँपिअर गेले असते आणि काम झाले असते. सकाळी चालते, दुपारी नाही, या कोड्याचे उत्तर हे असे चार ओळींच्या गणितात आहे.

पण मग मीटरने बारा का दाखवले? कारण डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण एक कोटी ओहम असतो. कपलर काढल्यावर वायरीतून धारा जवळजवळ वाहतच नाही, आणि धारा नाही तर त्या ४ ओहमवर व्होल्ट खर्च होणार तरी कसे? नळाची तोटी बंद असताना अर्ध्या तुंबलेल्या पाइपातही दाब पुरता दिसतो, तोटी उघडली की धार बारीक. मीटर खोटे बोलले नाही, त्याला प्रश्न चुकीचा विचारला गेला.

बरोबर प्रश्न असा विचारायचा. कपलर जोडलेलाच ठेवा. चावी चालू करून लिव्हर फॉरवर्डला टाका, म्हणजे धारा वाहू लागेल. मीटरची लाल तार बॅटरीच्या धन टोकावर आणि काळी तार कपलरच्या पाठीमागून बारीक पिन घालून वेटोळ्याच्या वीज येणाऱ्या टोकावर. मीटर जे दाखवील ते वाटेत खाल्ले गेलेले व्होल्ट. एक व्होल्टाच्या आत असेल तर वाट साधारण ठीक. चार दाखवले तर चोर वाटेतच आहे. मग काळी तार एकेक टप्पा मागे आणीत चला : गिअरबॉक्सजवळचा कपलर, केबिनखालचा कपलर, लिव्हर, रिले, फ्यूज. ज्या टप्प्यावर आकडा एकदम घसरतो, तेथेच दुखणे. अर्थची बाजू विसरू नका. वेटोळ्याचे दुसरे टोक आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात मीटर लावले तर जवळजवळ शून्य यावे. तेथे पुरे बारा आले तर अर्थ तुटलेला आहे, आणि वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना वीज असूनही त्याचा उपयोग नाही.

येथे जुन्या उस्ताद मंडळींविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांच्याकडे मीटर नसे, दोन वायरी जोडलेला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब असे. नवी पोरे त्याला हसतात. पण तो बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, म्हणून गंजक्या पिनेतून आलेल्या विजेवर तो मंद पेटतो आणि उस्ताद ताबडतोब म्हणतो, लाइन कमजोर आहे. या कामापुरता तो बल्ब मोकळ्या वायरीवर लावलेल्या मीटरपेक्षा शहाणा. फरक एवढाच की, उस्तादला ते कळत असे पण शागीर्दाला का ते सांगता येत नसे. आणि नव्या मशिनांवर हा बल्ब चालत नाही. एप्रिल २०२१ पासून चाकांच्या मशिनांना प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले, तेव्हापासून इंजिनाच्या कारभारात कॉम्प्युटर शिरला आहे. त्याच्या वायरीला बल्ब लावाल तर कॉम्प्युटर जळू शकेल. पडद्यावर कोड येतो, कोणत्या लाइनीत गडबड आहे ते सांगतो. कोणती पिन, ते सांगत नाही. ते शेवटी मीटर घेऊन माणसालाच शोधावे लागते.

एका मशीनची हकीकत सांगतो. घाटकोपरकडच्या एका नाल्याच्या कामावरून आले होते. मालकाने तोवर दोन सोलेनॉइड आणि एक लिव्हर विकत घेतला होता आणि गिअरबॉक्स खोलण्याचा सल्ला त्याला मिळाला होता. हप्त्याची तारीख जवळ आलेली. आमच्याकडच्या मुलाने वर सांगितल्याप्रमाणे मोजायला सुरुवात केली. केबिनच्या पत्र्याखालच्या कपलरच्या अलीकडे आकडा होता अर्ध्या व्होल्टाच्या आत, पलीकडे साडेतीनच्या वर. कपलर उघडला तर एक पिन हिरवीगार. ती कापून नवी लावली. शोधायला पाऊण तास, दुरुस्तीला अर्धा. जुने दोन्ही सोलेनॉइड मालकाच्या पिशवीत होते. मोजले, दोन्ही चांगले निघाले.

सावधगिरीची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली, कारण तिच्यातही एक सापळा आहे. तपासताना मशीन सुटू नये म्हणून मिस्त्री हँडब्रेक ओढतो. हे शहाणपण झाले. पण अनेक मशिनांत हँडब्रेक ओढलेला असला की सोलेनॉइडची वीज आपोआप तुटते आणि लिव्हर टाकल्यावर बझर वाजतो. मग मिस्त्री वीज शोधत बसतो आणि सगळे वायरिंग संशयित ठरते. म्हणून ही मोजणी इंजिन बंद ठेवून, नुसत्या चावीवर करायची. मशीन सपाट जागी, बकेट जमिनीला टेकवलेले, चारी चाकांना पुढून-मागून ठोकळे, मग हँडब्रेक सोडायचा. वेटोळ्याच्या डोक्याशी स्क्रूड्रायव्हर नेला तर चुंबक लागते की नाही हाताला कळते. इंजिन चालू करून बघण्याची वेळ आलीच तर मागचे दोन्ही जॅक आणि पुढचे बकेट यांवर मशीन उचलून चारी चाके अधांतरी करायची, आणि समोर-मागे एकही माणूस उभा राहू द्यायचा नाही. वेटोळ्याला पुरे व्होल्ट मिळत आहेत, चुंबक जोरदार लागते आहे आणि तरीही चाक फिरत नाही, असे दिसले तर वीज निर्दोष. मग तेलाची पातळी, फिल्टर, आणि दाबाचा गेज. गिअरबॉक्सचे नाव त्याच्यानंतर काढायचे.

आणि डायरेक्ट करणे. हा शब्द आपल्या पालकांना ठाऊक नसेल, विद्यार्थ्यांपैकी जे सुटीत गॅरेजात बसतात त्यांना चांगला ठाऊक आहे. लिव्हर मध्ये, न्यूट्रलला, असल्याशिवाय स्टार्टर फिरू नये अशी सोय या मशिनांत असते. तो संपर्क झिजला की मशीन चालूच होत नाही. तेव्हा एक वायर टाकून ती सोय बाजूला काढली जाते. हँडब्रेकच्या स्विचचेही तेच करतात, कारण बझर डोके उठवतो. मशीन कामाला लागते, मालक खूश. पुढे एक दिवस लिव्हर फॉरवर्डला राहिलेला असतो, ऑपरेटर चावी फिरवतो, सात-आठ टनांचे मशीन इंजिन पेटताक्षणी उडी घेते. बकेटसमोर कोण असतो? हेल्पर. बहुतेक वेळा अठरा-वीस वर्षांचा, कोणाचा तरी मुलगा. डायरेक्ट केलेले मशीन माझ्याकडे आले तर आधी ती वायर काढतो, मगच दुसरे काम. काही मालक रागावून मशीन दुसरीकडे नेतात. नेऊ द्यावे. त्या कामाच्या पैशाला मी हलाल म्हणणार नाही.

आता पालकांशी दोन शब्द. आपल्या वस्तीत दोन प्रकारचे पालक मी पाहतो. एक म्हणतात, पोराला आठवीतून काढून गॅरेजात बसवतो, हात तयार होईल, पुस्तकाने काय होणार? दुसरे म्हणतात, माझा मुलगा नापास झाला तरी चालेल पण त्याचे हात काळे होता कामा नयेत. पहिल्यांना मी विचारतो : ओहमचा नियम नववीत येतो, आपण मुलाला आठवीत काढले, मग तो ते चार ओहम कोठून शोधणार? तो आयुष्यभर सोलेनॉइड बदलत राहील, आणि गिऱ्हाईक त्याला मिस्त्री म्हणेल, पण दुसऱ्या वेळी येणार नाही. दुसऱ्यांना एवढेच म्हणतो की, दहावी झालेल्या मुलाला मुलुंडच्या सरकारी आयटीआयचा रस्ता दाखवणे ही शिक्षा नव्हे. मेकॅनिक डिझेलचा कोर्स एक वर्षाचा आहे, मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा. भायखळ्याला साबू सिद्दीक संस्थेत १९३६ पासून तंत्रशिक्षण चालत आले आहे, आणि आपल्याच समाजातल्या दात्याच्या नावाने. ही माहिती घराघरांत आहे, पण लग्नाच्या बोलणीत ‘मुलगा गॅरेजात आहे’ हे वाक्य अजून हळू आवाजात उच्चारले जाते. तो आवाज आधी आपल्या घरात बदलावा लागेल, संस्थेला तो बदलता येणार नाही.

मुलींनाही मी यातून वगळीत नाही. मीटर कोणाच्या हातात आहे हे पिनेला कळत नाही.

भाषणाऐवजी काहीतरी हातात द्यावे म्हणून मी एक लाकडी बोर्ड तयार करून आणला आहे. शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत तो ठेवण्यास मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. त्यावर १२ व्होल्टची बॅटरी, फ्यूज, एक रिले, जुन्या मशीनचा लिव्हर, तीन कपलर आणि एक सोलेनॉइड असे सगळे खऱ्या वायरींनी जोडलेले आहे. रिलेच्या पायांवर आकडे असतात : ८५ आणि ८६ हे त्याच्या वेटोळ्याचे, ३० आणि ८७ हे त्याच्या संपर्काचे. लिव्हर टाकलेला असताना ३० आणि ८७ यांच्यात मीटर लावा. पाव व्होल्टाच्या आत आकडा आला तर रिले चांगला. मग पुढे चला आणि प्रत्येक टप्प्याचा आकडा वहीत लिहा. सोलेनॉइड दोन मिनिटांहून जास्त चालू ठेवू नका, तो तापतो. आणि तापल्यावर आकडे कसे बदलतात तेही एकदा लिहून ठेवा. तीन कपलरांपैकी एकात मी गंजलेली पिन बसवली आहे. ती कोणत्यात आहे हे मुख्याध्यापकांनाही सांगितलेले नाही.